आधी नेक, मग बाकीचं : इलेक्ट्रिक गिटार निवडताना

इलेक्ट्रिक गिटारचं जवळपास सगळं नंतर बदलता येतं. तारा तर ठरावीक काळाने बदलाव्याच लागतात. पिकअप आवडले नाहीत तर दुसरे बसवता येतात, ट्यूनर बदलता येतात, ब्रिज बदलता येतो, स्विच आणि व्हॉल्यूमचे नॉब हे तर कुठल्याही चांगल्या कारागिराचं तासाभराचं काम. नेक मात्र घेतला तो घेतला. फेंडर पद्धतीच्या गिटारींचा नेक स्क्रूंनी बसवलेला असतो, त्यामुळे तोही काढता येतो हे खरं. पण चांगला सुटा नेक आपल्याकडे सहजी मिळत नाही, आणि बाहेरून मागवलाच तर तेवढ्या पैशांत शिकाऊ माणसाची अख्खी गिटार येते. तरीही दुकानात गेलेले बहुतेक जण आधी रंग बघतात, मग कंपनीचं नाव वाचतात, मग हिच्यावर मेटल वाजेल का असं विचारतात. नेकवरून हात फिरवायचा राहूनच जातो. माझा सल्ला याच्या उलट क्रमाचा आहे. आधी नेक, मग वजन आणि आकार, आणि पिकअप, ब्रिज वगैरे सगळं त्यानंतर.

हे इतक्या आग्रहाने सांगायचं कारण असं, की गिटार सोडून देणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना वाजवण्याचा कंटाळा आलेला नसतो. त्यांचा हात दुखत असतो. पहिले काही महिने ते नेटाने बसतात, एफची बार कॉर्ड काही केल्या स्वच्छ वाजत नाही, आणि आपली बोटंच लहान आहेत असा समज करून घेऊन ते वाद्य माळ्यावर टाकतात. बोटांचा यात फार क्वचित दोष असतो. दोष असतो तो न जुळवलेल्या वाद्याचा, नाहीतर हाताला न मानवणाऱ्या नेकचा. ही दोन कारणं वेगवेगळी आहेत. पहिल्यावर थोडक्या पैशांत इलाज होतो, दुसऱ्यावर होत नाही. म्हणून नवी गिटार घेण्याआधी आपल्या हाताला नेमका त्रास कशाचा होतोय, हे ठरवायला हवं.

दोष नेकचा की सेटअपचा?

हातात असलेल्या कुठल्याही गिटारवर हे करून बघता येईल. एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर तिच्याखाली किती फट उरते ते पाहा. फट केसाएवढी हवी, जेमतेम दिसेल न दिसेल अशी. चांगली ठळक दिसत असेल तर नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उथळ राहिल्या आहेत. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटारींत हा दोष फार आढळतो, कारण खाचा खोल करायला वेळ लागतो आणि कारखान्यात वेळ म्हणजे पैसा. दुसरी चाचणी कॅपोची. आधी एफची बार कॉर्ड नेहमीसारखी धरा. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून तोच आकार एक फ्रेट पुढे सरकवून धरा. हाताला एकदम सुटल्यासारखं वाटलं, तर तुमचं भांडण नेकशी नव्हतंच, नटशी होतं. योग्य कानशी असलेला कारागीर ते थोडक्या वेळात सोडवतो. घरी करवतीच्या पात्याने खाच खोल करायला मात्र जाऊ नका. जरा जास्त घासली गेली की मोकळी तार खरखरते आणि नटच नवा बसवावा लागतो.

नटनंतर नेकचा बाक बघायचा. एक तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवरही दाबून ठेवा. अशी ताणलेली तार सरळ पट्टीचं काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट असावी. त्याहून बरीच जास्त असेल तर नेक पुढे वाकला आहे. मुळीच नसेल तर मागे गेला आहे. हे नेकच्या आतल्या ट्रस रॉडने जुळवता येतं. रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही. शेवटी ॲक्शन. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरा. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत बारीक ई तारेला दीड आणि जाड ई तारेला दोन मिलिमीटर हे बहुतेकांना चालणारं माप आहे.

आणि तारा. आपल्याकडे बरेच जण ॲकूस्टिक गिटारवर शिकून इलेक्ट्रिककडे येतात. ॲकूस्टिकवर अकराचा किंवा बाराचा सेट असतो, म्हणजे पहिल्या तारेची जाडी इंचाचे 11 किंवा 12 हजारांश. इलेक्ट्रिकवर सहसा नऊचा नाहीतर दहाचा. एवढ्याशा फरकाने काय होतं, असं वाटेल. पण स्वर तोच ठेवला तर तारेवरचा ताण तिच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. दहाची पहिली तार काढून नऊची लावली की तिच्यावरचा ताण सुमारे 19 टक्क्यांनी उतरतो. अख्खी गिटार अर्धा स्वर खाली लावली, तर सुमारे 11 टक्क्यांनी. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन तेराच्या जाडजूड तारा वाजवायचा हे सगळे कौतुकाने सांगतात. त्याची गिटार अर्धा स्वर खाली लावलेली असायची, हे सांगायचं राहून जातं.

ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीचं उदाहरण तर प्रत्येक नवशिक्याने ऐकावं असं आहे. 1965 साली पत्र्याच्या कारखान्यात काम करताना त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, बारीक तारा हव्यात म्हणून बँजोच्या तारा चढवल्या, आणि पुढे गिटार चांगली तीन अर्धस्वर खाली लावायला लागला. ज्या जड, गडद आवाजावर हेवी मेटल उभं राहिलं त्याची एक मुळी या दुखऱ्या हाताच्या सोयीत आहे. तेव्हा हलक्या तारा लावण्यात कमीपणा मानू नका.

बारीक नेक म्हणजे सोपा नेक नव्हे

इतकं सगळं जुळवूनही हात अवघडत असेल, तर मग प्रश्न खरोखर नेकचा आहे. इथे सगळ्यांत पक्का रुजलेला गैरसमज म्हणजे नेक जेवढा बारीक तेवढा आरामाचा.

मापं सांगतो, म्हणजे फरकाचा अंदाज येईल. इबानेझच्या आरजी मालिकेतल्या विझार्ड थ्री नावाच्या नेकची जाडी पहिल्या फ्रेटपाशी 19 आणि बाराव्यापाशी 21 मिलिमीटर असते. गिब्सन आपली लेस पॉल स्टँडर्ड दोन प्रकारच्या नेकची बनवते. 60च्या दशकाच्या वळणाचा नेक पहिल्या फ्रेटपाशी साधारण 20 मिलिमीटर भरतो. 50च्या दशकाच्या वळणाचा तिथेच साधारण 22 आणि बाराव्यापाशी 25च्या घरात जातो. कागदावर हा दोन-तीन मिलिमीटरचा खेळ आहे. तळहाताला मात्र ती दोन वेगळी वाद्यं वाटतात.

बारीक नेकवर वेगाने वाजवता येतं, अंगठा नेकच्या मागे मधोमध ठेवून बोटं लांबवता येतात. ज्यांचा हात असा चालतो त्यांना तो फार भावतो. पण बारीक नेक तळहाताला टेकू देत नाही. मग पकड टिकवायचं सगळं काम अंगठा आणि बोटं यांच्या चिमटीवर येतं, आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल भाग दुखायला लागतो. पेनातली नुसती रिफिल बोटांत धरून पानभर लिहून पाहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. जाड नेक मुठीत भरतो, तळव्याला टेकतो, आणि मधल्या पट्टीतल्या कॉर्ड तासभर वाजवल्या तरी हात शांत राहतो. मोठ्या हातांनाच जाड नेक लागतो असंही नाही. लहान चणीच्या अनेकांना भरीव नेकवर बरं वाटतं, आणि उंच्यापुऱ्या माणसाला विझार्ड आवडतो. हाताच्या लांबीवरून निर्णय करता येत नाही. तो अंगठ्याच्या सवयीवरून करावा.

अंगठ्याच्या सवयी ढोबळमानाने दोन. पहिलीत अंगठा मागे मधोमध राहतो, मनगट थोडं पुढे येतं, तळवा नेकला शिवत नाही. अशा हाताला मागून सपाटसर असलेला नेक, ज्याला डी आकार म्हणतात, तो मानवतो. दुसरीत अंगठा नेकच्या वरच्या कडेवरून पुढे डोकावतो, प्रसंगी जाड तार दाबतोही. जिमी हेंड्रिक्सने तर या अंगठ्याचं स्वतंत्र बोट केलं होतं. ब्लूज वाजवणारे तार ओढताना याच अंगठ्याचा आधार घेऊन मनगट फिरवतात. त्यांना गोलसर सी आकार किंवा मागे किंचित धार असलेला व्ही आकार बरा पडतो. फेंडरच्या एरिक क्लॅप्टन स्ट्रॅटोकॅस्टरचा नेक असा व्ही आहे. तुमची सवय अजून ठरलीच नसेल, तर मध्यम जाडीचा सी घ्या. आज बाजारात सगळ्यांत जास्त तोच मिळतो आणि तो कुणाला फारसा टोचत नाही.

दुखणं नेमकं कुठे होतंय, यावरूनही बरंच कळतं. बोटांची टोकं हुळहुळत असतील तर काळजी नको, कातडी निबर व्हायला वेळ लागतो. अंगठ्याचं बूड भरून येत असेल तर नेक बारीक आहे किंवा तुम्ही गरजेपेक्षा जास्त दाबताय. मनगट दुखत असेल तर बहुधा पट्टा फार लांब सोडलाय आणि गिटार गुडघ्यापर्यंत लोंबतेय. मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा जाणवत असेल तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. त्यावर गिटार बदलणं हा उपाय नाही.

लांबी, रुंदी, गोलाई

लहान बोटांची काळजी करणाऱ्यांनी जाडीपेक्षा स्केलकडे, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीकडे बघावं. फेंडरच्या स्ट्रॅटोकॅस्टर आणि टेलिकास्टरची स्केल 25.5 इंच, म्हणजे 648 मिलिमीटर. गिब्सनच्या लेस पॉल आणि एसजीची 24.75 इंच, 629 मिलिमीटर. पीआरएस बहुतेक 25 इंचांवर, दोन्हींच्या मधे. फेंडरच्याच मस्टँग आणि जॅग्वारची 24 इंच. स्केल कमी झाली की फ्रेट एकमेकांजवळ येतात. किती जवळ, याचं गणित सोपं आहे. पहिल्या चार फ्रेट्सचा पल्ला स्ट्रॅटवर सुमारे 134 मिलिमीटर, लेस पॉलवर सुमारे 130, मस्टँगवर सुमारे 126. एक बोट जिथे अपुरं पडत होतं तिथे हे आठ मिलिमीटर खूप असतात. शिवाय तेवढ्याच जाडीच्या तारांवरचा ताण लेस पॉलवर स्ट्रॅटच्या मानाने सहा टक्के आणि मस्टँगवर अकरा टक्के कमी भरतो. मोठ्यांसाठी स्क्वायरची मस्टँग हा चांगला आणि खिशाला परवडणारा पर्याय आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी इबानेझची 22.2 इंची मायक्रो घ्यावी. पुढे वापरता येईल म्हणून मुलाच्या गळ्यात पूर्ण मापाची जड गिटार अडकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

रुंदीचं तसं नाही. नटपाशी बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी 41 ते 43 मिलिमीटरमध्ये बसतात. यामाहाची पॅसिफिका 112 ही 41, स्क्वायरच्या बऱ्याचशा 42, गिब्सन, एपिफोन आणि इबानेझ आरजी 43. क्लासिकल गिटारच्या 52 मिलिमीटरवरून येणाऱ्याला या सगळ्याच अरुंद वाटतील. बोटं जाडजूड असतील आणि मोकळ्या कॉर्डमध्ये शेजारची तार बुजत असेल, तर 43 बघा. रुंदी बघताना आणखी एक गोष्ट तपासा : बारीक ई तार फ्रेटबोर्डच्या कडेपासून पुरेशी आत आहे का. बाराव्या फ्रेटजवळ ती खाली ओढली की कडेवरून निसटत असेल, तर ती गिटार कितीही सुंदर असो, ठेवून द्या.

गोलाई म्हणजे फ्रेटबोर्डचा आडवा उंचवटा. तो त्रिज्येत सांगतात, आणि आकडा जितका मोठा तितकं फ्रेटबोर्ड सपाट. जुन्या वळणाच्या फेंडर 184 मिलिमीटर, हल्लीच्या फेंडर आणि स्क्वायर 241, लेस पॉल 305, पॅसिफिका 112 ही 350, इबानेझ आरजी 400. गोल फ्रेटबोर्डवर बार कॉर्ड हाताच्या नैसर्गिक वळणात बसतात. पण त्यावर तार दीड-दोन स्वर ओढली की ती मधल्या उंचवट्यावर चढते, पुढच्या फ्रेटला घासते आणि आवाज विझतो. ॲक्शन खाली असेल तर हे हमखास होतं.

आपल्याकडच्या वाजवणाऱ्याने इथे जरा थांबून विचार करावा. तुम्हाला मराठी-हिंदी गाण्यांच्या कॉर्ड वाजवायच्या आहेत, की गाण्यातली मींड तारेवर आणायची आहे? मींड गिटारवर येते ती तार ओढूनच, आणि तीही दोन-अडीच स्वरांपर्यंत. त्यासाठी 305 किंवा त्याहून सपाट फ्रेटबोर्ड, जरा उंच फ्रेट आणि नऊच्या तारा हे त्रिकूट जमतं. उंच फ्रेटचा फायदा असा की बोट लाकडाला न घासता तार सरकवतं. 1970च्या दशकात शक्ती या समूहात जॉन मॅकलॉफलिनने याचं टोक गाठलं होतं. फ्रेट्सच्या मधलं लाकूड खोलगट कोरलेली, तरफेच्या तारा बसवलेली एक ॲकूस्टिक गिटार त्याने खास बनवून घेतली होती. कोरलेल्या फ्रेटबोर्डवर बोट जरा जास्त दाबलं तरी स्वर चढतो, तेव्हा नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. आर. प्रसन्ना तर नेहमीच्या फ्रेट्सच्या इलेक्ट्रिक गिटारवर कर्नाटक संगीत वाजवतात. म्हणजे नेहमीच्या फ्रेटबोर्डवरही पुष्कळ काही साधतं.

घाम, दमटपणा आणि लाकूड

मुंबई, कोकण, गोवा इथल्या माणसाने नेकच्या पॉलिशकडे लक्ष द्यायलाच हवं. चकचकीत ग्लॉस पॉलिशवर घामेजला हात चिकटतो. जुलै महिन्यात पंख्याखाली बसूनही अंगठा सरकत नाही. सॅटिन, म्हणजे मंद पॉलिशचा नेक अशा हवेत कितीतरी सुखाचा. आवडलेल्या गिटारचा नेक ग्लॉस असेल, तर त्याच्या मागचा भाग अगदी बारीक स्कॉच-ब्राइटने हलकेच घासून मंद करता येतो. मात्र गॅरंटीची मुदत संपल्यावर आणि जाणकाराकडून.

विदर्भ-मराठवाड्यात आणि उन्हाळ्यातल्या पुण्यात प्रश्न उलटा. कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचं लाकूड आक्रसतं, धातूच्या फ्रेट तेवढ्याच राहतात, आणि त्यांची टोकं कडेने बाहेर येऊन तळव्याला खरचटवतात. दुकानात नेकच्या दोन्ही कडांवरून बोट वरखाली फिरवा. एप्रिलमध्ये टोकं बोचत नसतील तर ती वर्षभर बोचणार नाहीत. बोचत असतील तर कारागीर घासून देतो, पण ते काम विक्रेत्याकडून करून घ्यावं आणि त्याचे पैसे त्याने द्यावेत. पावसाळ्यात नेक ओल धरून पुढे वाकतो, म्हणून जूनच्या अखेरीस आणि दिवाळीनंतर असा वर्षातून दोनदा बाक तपासायचा. दमट भागात तारा लवकर गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय लावा. कोटिंगच्या तारा महाग पडतात, पण समुद्राजवळ राहणाऱ्याला त्या वसूल होतात.

फ्रेटबोर्डच्या लाकडाने आरामात फार फरक पडत नाही. पॅम्फ्लेटवर इंडियन रोझवूड लिहिलेलं असतं ते आपलं शिसव. 2017 पासून या जातीच्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांची बंधनं आली, तेव्हा कंपन्या पर्याय शोधू लागल्या, आणि आज स्क्वायरच्या अनेक गिटारींवर इंडियन लॉरेल दिसतं. हा सह्याद्रीत जागोजागी आढळणारा ऐन. वाजवायला तो चांगला आहे, त्यासाठी नाक मुरडू नका.

वजन, आणि मांडी घालून बसणं

लेस पॉल चार किलोच्या पुढे जाते, कधी साडेचारपर्यंत. स्ट्रॅट साडेतीनच्या आसपास, एसजी त्याहून हलकी. उभं राहून दोन तास वाजवायचं असेल तर हा फरक खांद्याला कळतो. एसजी हलकी असली तरी तिच्या नेकचं टोक खाली झुकू पाहतं. पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडून बघा. नेक खाली जात असेल तर डावा हात वाजवण्याबरोबर गिटार पेलण्याचंही काम करणार, आणि मग नेक कितीही चांगला असला तरी हात दमणार. रुंद, आतून खरखरीत पट्ट्याने हा त्रास बराच कमी होतो.

आपल्यातले बरेच जण घरी जमिनीवर मांडी घालून रियाज करतात. गिटार तशीच बसून तपासा. स्ट्रॅटच्या बॉडीला पोटाकडून आणि हाताकडून उतार दिलेले आहेत, ती मांडीवर छान बसते. टेलिकास्टरच्या कडा पारंपरिक पद्धतीत चौकोनी असतात, हाताच्या पुढच्या भागाला रुततात. फ्लाइंग व्ही बसून वाजवायला त्रासाची, तिचा विचार रंगमंचापुरता करावा. बसून वाजवतानाही पट्टा लावा. बसल्यावर आणि उभं राहिल्यावर नेकचा कोन तोच राहतो.

सोयी : कोणत्या घ्याव्यात, कोणत्या टाळाव्यात

एकच गिटार घ्यायची आणि सगळं वाजवून बघायचंय, असं असेल तर ब्रिजपाशी हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल ही रचना घ्या. तिला एचएसएस म्हणतात. सिंगल कॉइलचा आवाज स्वच्छ, धारदार. पण तो आसपासच्या विजेची गुणगुण उचलतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, तीच घरघर ॲम्पमधून ऐकू येते. सेथ लव्हर या गिब्सनच्या इंजिनिअरने 1955 च्या सुमारास दोन कॉइल उलटसुलट जोडून ही घरघर एकमेकींत विरवली, आणि 1957 पासून हंबकर गिब्सनच्या गिटारींत आले. डिस्टॉर्शन लावून वाजवायचं असेल तर हंबकर हवाच. घरघर फारच असेल आणि तारांना हात लावल्यावर कमीजास्त होत असेल, तर पिकअपला दोष देण्याआधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थशी जोडलेल्या असतात. जुन्या इमारतीत अर्थिंग नसताना दोन पिनांचा ॲडॅप्टर लावून ॲम्प चालवणं धोक्याचं आहे.

ब्रिजच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. पहिल्या गिटारला फ्लॉइड रोझ जातीचा तरंगता ब्रिज नको. त्यावर एक तार तुटली की बाकीच्या सगळ्यांचे स्वर चढतात, तारांचा सेट बदलून दहाचा नऊ केला तरी स्प्रिंगा नव्याने जुळवाव्या लागतात, आणि वर मी म्हटलं तसे अर्धा स्वर खाली उतरून बघण्याचे प्रयोग अवघड होऊन बसतात. पक्का ब्रिज उत्तम. स्ट्रॅटसारखा साधा ट्रेमोलोही चालेल. हवं तर कारागीर तो बॉडीला टेकवून स्थिर करून देतो.

फ्रेट 21 की 24, यावर वेळ घालवू नका. वरच्या फ्रेटपर्यंत हात पोचतो का, एवढं बघा. लेस पॉलच्या जोडापाशी लाकूड जाड असतं आणि सोळाव्याच्या पुढे हात अडतो. एसजीत आणि आरजीत तो मोकळा जातो. नुसत्या कॉर्ड वाजवणाऱ्याला याने काही फरक पडत नाही.

दुकानात

मुंबईत असाल तर धोबीतलावला जा. तिथे एका फेरीत पुष्कळ नेक हाताखालून घालता येतात. जाताना स्वतःचा कॅपो, पट्टा आणि स्टीलची पट्टी घेऊन जा. चार गिटारी मागा : स्क्वायरची एक स्ट्रॅट, पॅसिफिका, एपिफोनची लेस पॉल, इबानेझची आरजी. विकत घ्यायची असो वा नसो, या चारांत स्केल, रुंदी, जाडी आणि गोलाई यांची जवळजवळ सगळी टोकं येतात. प्रत्येकीच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो लावूनच वाजवा. त्यामुळे नटचा बरेवाईटपणा तुलनेतून निघून जातो आणि नेकशी नेकची गाठ पडते. ॲम्पला अजून जोडू नका. आवाज लागला की हाताचं म्हणणं ऐकू येत नाही. मिनिटभर बार कॉर्ड, मिनिटभर तारा ओढणं, मग हात झटकून पुढची. शक्य असेल तर डोळे मिटून, हेडस्टॉकवरचं नाव न बघता. दोन उरल्या की ॲम्प लावा, प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट वाजवून एखादा स्वर मरतो का ते ऐका, आणि तारा जोरात ओढून ट्यूनिंग टिकतं का ते पाहा. विक्रेता घाई करत असेल तर उद्या येतो म्हणून निघा.

लहान गावातून ऑनलाइन मागवणार असाल तर मॉडेलच्या माहितीतून चार आकडे शोधा : स्केल, नटची रुंदी, फ्रेटबोर्डची त्रिज्या, नेकची जाडी. जाडी अनेकदा दिलेली नसते, विचारून घ्या. ओळखीच्या कुणाची गिटार हाताला बरी वाटली असेल तर तिचे आकडे हाच तुमचा मापदंड. परत करण्याची मुदत किती आणि भाडं कुणाचं, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

जुनी गिटार घेताना हेडस्टॉककडून नेकवर नजर लावून बघा. पुढेमागे वाकलेला नेक बहुधा दुरुस्त होतो. पिळलेला, म्हणजे दोन्ही कडा वेगवेगळ्या दिशेला गेलेला, होत नाही. ट्रस रॉड दोन्हीकडे फिरतो ना, हे विकणाऱ्यालाच फिरवून दाखवायला सांगा. पहिल्या काही फ्रेट्सवर तारांखाली खोल चरे पडले असतील तर फ्रेट बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

बजेट ठरवताना ॲम्पचे आणि पहिल्या सेटअपचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्यात गिटार बसवा. सेटअपला देताना तुम्ही कोणत्या जाडीच्या तारा वापरणार आणि कोणत्या पट्टीत लावणार, हे कारागिराला स्पष्ट सांगा; दोन्हीपैकी काही बदललं की नेकचा बाक बदलतो. काम झाल्यावर बाराव्या फ्रेटवरची ॲक्शन आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशीची फट पट्टीने मोजून, तारीख घालून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी गिटारच्या बॅगेच्या खिशात ठेवा. पावसाळा सुरू झाल्यावर पुन्हा मोजाल तेव्हा नेक किती हलला ते तिच्यावरून कळेल.